बाटलीवाले नाना

प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत एक नाना असतातच. वय साठीपुढचं, पेन्शन बऱ्यापैकी, आणि गॅलरीतल्या पोत्यात रिकाम्या बाटल्या वर्षानुवर्षं साठलेल्या. होळी झाली की नाना कटर काढतात, बाटल्या आडव्या चिरतात आणि भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याची भांडी करून फाटकापासून पार्किंगपर्यंत मांडतात. लोक त्यांना प्राणिमित्र म्हणतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. नानांचं प्रेम कुत्र्यावर नाही, बाटलीवर आहे; कुत्रा हे त्या बाटलीला मिळालेलं स्थळ.

पुरावा हवा? हेच नाना पूर्वी याच बाटल्यांत लाल किंवा निळीचं पाणी भरून त्या फाटकाला टांगत, कुत्र्यांनी तिथे तंगडी वर करू नये म्हणून. बाटलीखालीच उभं राहून कार्यभाग उरकणारी कुत्री उभ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. उपाय फसला तेव्हा बाटल्या टाकून देता आल्या असत्या. नानांनी धोरण बदललं, बाटल्या ठेवल्या. शिवाय गल्लीत कुत्री पाच आणि भांडी सतरा, हा हिशेब भूतदयेचा नव्हे. कुत्र्यांतला काळा कोण नि कबरा कोण हे नानांना सांगता येत नाही, पण कोणती बाटली नातवाच्या मुंजीतल्या सरबताची आणि कोणती कॅन शेंगदाणा तेलाची, हे ते झोपेतही सांगतील.

तरीही कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. कुत्रा जिभेचं टोक मागे वळवून पाणी वर ओढतो, म्हणजे कापलेला काठ धारदार राहिला तर जीभ चिरायची. म्हणून नाना काठ गरम इस्त्रीवर क्षणभर टेकवतात. प्लास्टिक आक्रसून गोल होतं. (त्यानंतर त्याच इस्त्रीखाली काकूंची कोणती साडी गेली, हा विषय त्या घरात काढू नये.) लिटरच्या बाटलीला आडवा छेद दिला तर अर्धा लिटरच पाणी मावतं, तेही पंजा लागला की कलंडतं. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात मग तेवढंही पुरत नाही. तेव्हा नाना पाच लिटरच्या तेलाच्या कॅनवर आले. तिचा खालचा भाग कापायचा, शेजारी दोन विटा लावायच्या, भांडं हलत नाही.

सिमेंटची कुंडी याहून चांगली, हा आक्षेप रास्त आहे. ती जड असते, उलटत नाही, उन्हात वर्षानुवर्षं टिकते. पण कुंडी विकत घ्यायची तर विषय कमिटीपुढे जातो, तीन ठिकाणची कोटेशनं येतात आणि मंजुरीपर्यंत पाऊस पडतो. बाटलीला ठराव लागत नाही. दुसरा आक्षेप डासांचा, आणि तो अधिक गंभीर. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडीही महिनोन्महिने तग धरतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. इथे नानांचा स्वभाव उपयोगी पडतो, कारण पोत्याशेजारी जुन्या टूथब्रशांचा डबाही आहे आणि त्यांनाही काम हवंच असतं.

उरला आक्षेप हेतूचा: प्रेम नाही, म्हणजे हे ढोंग. पण पाणी पिण्याआधी कुत्र्याने दात्याच्या हेतूची चौकशी केल्याचं ऐकिवात नाही. खरे प्राणिप्रेमी मार्चमध्ये भांडं ठेवतात, फोटो काढतात, आणि एप्रिलच्या सुट्टीत गावी जातात. ते भांडं मेमध्ये कोरडं ठणठणीत असतं. नानांचं तसं होत नाही. घरात तेल येत राहतं, कॅन रिकामी होत राहते, आणि रिकामी कॅन नानांना बसू देत नाही.

तेव्हा तुमच्याकडची तेलाची कॅन भंगारात देण्याआधी साबणाने दोनदा धुवा आणि नानांच्या दाराशी ठेवा. नवंकोरं स्टीलचं भांडं मात्र भेट देऊ नका. ते माळ्यावर जाईल.