चेटकीण ओळखण्याच्या खुणा

माझी नात अमेरिकेत कनेक्टिकटला सहावीत शिकते. यंदा तिच्या वर्गाला एक कादंबरी लावली होती. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आजी, तूपण वाच ना. मग आपण डिस्कस करू." बीएला इंग्रजी साहित्य घेऊन सेकंड क्लास मिळवलेल्या बाईला असं कुणी म्हटलं की तिचं काय होतं, ते आमच्या ह्यांना विचारा. मी पुस्तक मागवलं, नवी कोरी वही काढली आणि घरात जाहीर केलं की यापुढे रात्री आठ ते नऊ मला कुणी हाक मारायची नाही. "आठ ते नऊ तुझी मालिका असते," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. मग नऊ ते दहा ठरलं.

'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड' हे पुस्तकाचं नाव. लेखिका एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर. १९५८ साली ते आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. तिकडच्या बालसाहित्यातला हा मोठा मान. त्यातला 'बाल' तेवढा मी घरात कुणाला सांगितला नाही.

गोष्ट १६८७ सालची. किट टायलर ही सोळा वर्षांची मुलगी बार्बाडोस बेटावर आजोबांच्या मळ्यात लाडाकोडात वाढलेली. आजोबा वारतात, मळा कर्जात जातो, आणि ही सात पेट्या कपडे घेऊन जहाजात बसते ती थेट वेदर्सफील्डला मावशीच्या दारात. आधी कळवणं नाही, चिठ्ठी नाही. वाचकानं अशा वेळी नायिकेच्या बाजूचं व्हायचं असतं. माझा जीव मात्र मावशीत अडकला. सात पेट्या ठेवायच्या कुठे? बरं, गाव प्युरिटनांचं. तिथे रेशीम म्हणजे गर्व, नाटकाचं पुस्तक म्हणजे पाप आणि नाताळ साजरा करणं म्हणजे त्याहून मोठं पाप. जहाजाच्या भाड्यासाठी किटनं आपली गुलाम मुलगी विकलेली असते. लेखिका हे वाक्य फार भरभर ओलांडून जाते. मी तिथं थांबले. नातीनंही तिच्या प्रतीत नेमकं तिथंच पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तेवढ्या एका ठिकाणी आम्हा दोघींचं डिस्कशन बरोबरीचं झालं. बाकी सगळीकडे तीच पुढे होती.

वाटेत एका लहान मुलीची बाहुली पाण्यात पडते आणि किट सूर मारून ती काढून आणते. बार्बाडोसमध्ये ती आजोबांच्या हाताखाली पोहायला शिकलेली. इथल्या बायकांना मात्र पोहणं ठाऊक नाही. उलट, पाण्यावर तरंगते ती चेटकीण, हे ज्ञान प्रत्येकीला पाठ. त्या पोरीची आई, गुडवाइफ क्रफ, त्या क्षणापासून किटवर डोळा ठेवते. ही क्रफबाई मला पहिल्या भेटीतच आवडेनाशी झाली. दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय यापलीकडे बाईला उद्योग नाही. तिच्याबद्दल मी वहीत लाल शाईनं लिहिलं: 'अशी माणसं प्रत्येक गावात असतात.'

"चेटकीण आली का?" हा ह्यांचा रोजचा प्रश्न. ती काही येईना. येत होती ती कामं. लोकर पिंजा, साबण शिजवा, मेणबत्त्या करा, मक्याची कणसं सोला, कांद्याच्या शेतातलं तण काढा. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांद्याचं तण काढायला मला इंग्रजीत जायची गरज नव्हती. पण वेदर्सफील्डचा लाल कांदा पुढे खरोखरच नावाजला आणि जहाजं भरभरून वेस्ट इंडिजला गेला, हे वाचून माहेरचा अभिमान जरा दुखावला. लासलगावच्या आधी कुणी असेल, असं आम्हाला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी चेटकीण भेटली. हॅना टपर. गावाबाहेर तळ्याकाठच्या झोपडीत एकटी राहणारी, मांजर पाळलेली म्हातारी. क्वेकर पंथाची, म्हणून मॅसॅच्युसेट्समधून कपाळावर डाग देऊन हाकललेली. ती चेटूक काय करते? आल्यागेल्याला ब्लूबेरीचा केक खाऊ घालते! एवढी पानं मी दबा धरून बसले होते आणि म्हातारी ओट्यापाशी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पैसे परत मागता येतात का बघ."

पुस्तकानं चेटकीण दिली नाही म्हणून मी इतिहासात शिरले आणि तिथून माझं बिघडत गेलं.

आपल्याला सेलम तेवढं ठाऊक. १६९२ साल, मॅसॅच्युसेट्स, एकोणीस जण फासावर, आणि कबूल-नाकबूल काहीच बोलेना म्हणून जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं, ते वेगळंच. पण माझ्या नातीचं राज्य त्यात पंचेचाळीस वर्षं पुढे होतं. १६४७ मध्ये हार्टफर्डला अॅल्स यंगला फाशी दिली. अमेरिकेतल्या वसाहतींमधली ही चेटकाच्या आरोपावरची पहिली फाशी. १६६३ पर्यंत कनेक्टिकटात अकरा जण गेले, त्यातले तीन एकट्या वेदर्सफील्डचे. तिथल्या विधिमंडळानं या सगळ्यांना निर्दोष ठरवलं ते २०२३ साली. सरकारी काम.

वेदर्सफील्डच्याच कॅथरीन हॅरिसनवर तर माझं मनच बसलं. नवरा १६६६ मध्ये गेला आणि ही पैसेवाली विधवा झाली. शेजाऱ्यांनी तिची जनावरं जखमी केली, पिकं तुडवली. तिनं तक्रार केली, तर तिच्यावरच खटला. पुरावे काय? म्हणे हिचं उडालेलं मधमाश्यांचं मोहोळ नदीपलीकडून हिनं परत आणलं. म्हणे गवताच्या गाडीत वासराचं लाल डोकं दिसलं, ते नाहीसं झालं आणि तिथे ही उभी. आणि म्हणे ही इतकं बारीक सूत इतकं भरपूर कातते की माणसाच्या हातून ते होणं शक्य नाही. म्हणजे काम केलं तरी पंचाईत. १६६९ मध्ये ज्यूरीनं तिला दोषी ठरवलं, पण न्यायाधीश कचरले आणि त्यांनी धर्मोपदेशकांचं मत मागवलं. ते लिहून दिलं गर्शम बल्कली यांनी. एकेका माणसानं एकेकट्यानं पाहिलेल्या गोष्टींवर भागायचं नाही, एकाच गोष्टीला दोन साक्षीदार हवेत, असा त्याचा मथितार्थ. कॅथरीन सुटली, पण गाव सोडायच्या अटीवर. हेच बल्कली कादंबरीतही आहेत. किटच्या चौकशीच्या वेळी ते तोच मुद्दा काढतात. हा दुवा मला स्वतःला सापडला असं वाटून मी मध्यरात्री कनेक्टिकटला फोन लावला. तिथे दुपार होती. नात म्हणाली, "हो आजी, टीचरनी सांगितलंय."

एवढा अभ्यास वाया जाऊ देणारी मी नव्हे. सोसायटीच्या महिला मंडळात व्याख्यान द्यायचं ठरवलं. त्यासाठी एका कागदावर ठळक मुद्दे काढले. वर मोठ्या अक्षरात मथळा: 'चेटकीण ओळखण्याच्या खुणा.' खाली एकेक खूण. बाई एकटी राहते. मांजर पाळते. झाडपाला, औषधं जाणते. तिच्याशी भांडण झाल्यावर घरात आजारपण येतं. प्रार्थना म्हणताना अडखळते. अंगावर खूण असते. पाण्यात टाकली तर तरंगते. सेलमला आजारी मुलींचं मूत्र राईच्या पिठात कालवून केक केला आणि कुत्र्याला घातला, तेही लिहिलं, पण बारीक अक्षरात. हा कागद घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, वीस प्रती काढल्या, पैसे दिले आणि मूळ कागद यंत्राच्या काचेवर तसाच ठेवून घरी आले.

संध्याकाळी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता.

आता इथं बी विंगच्या तळमजल्याची ओळख करून द्यायला हवी. तिथे सिस्टर राहतात. सरकारी इस्पितळात जन्मभर नोकरी केलेल्या, एकट्या, दारात कोरफड, अडुळसा, गवती चहा आणि अंगावरून उड्या मारणारी मांजरं. अर्ध्या सोसायटीची इंजेक्शनं त्यांनी टोचलेली आहेत. उन्हाळ्यात त्यांचा बोका माझ्या कुरडयांवर झोपला होता. त्यावर मी सोसायटीला लेखी अर्ज दिला होता. त्या अर्जानंतर आठवड्यात ह्यांना काविळीनं गाठलं, हाही योगायोग लोकांच्या लक्षात होता.

मी ज्या खुणा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या म्हणून लिहिल्या, त्या वाचून सगळ्या सोसायटीला एकच दार दिसलं. 'हे कुणी लिहिलं?' असा पहिला मेसेज आला. 'पण खोटं काय आहे त्यात?' हा दुसरा. तिसऱ्यानं अमावास्या कधी आहे ते विचारलं. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाची सूचना दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते.

रविवारच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी 'आयत्या वेळचे विषय' यात हा विषय घेतला. मी उभी राहिले. "अहो, हे कनेक्टिकटचं आहे."

"कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात?" मागून कुणीतरी विचारलं.

मी प्युरिटनांपासून सुरुवात केली. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, थोडक्यात." चार शतकांचा इतिहास थोडक्यात सांगताना जे होतं ते झालं. 'फाशी', 'तरंगते', 'मांजर' एवढंच ऐकणाऱ्यांच्या कानात राहिलं. मग कोर्टात कारकुनी केलेले एक काका उठले. त्यांनी मोबाइलवर आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काढला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं, हा गुन्हा. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. जनावराचं दूध ऐकताच माझ्यातला अभ्यासक जागा झाला आणि मी आनंदानं म्हणाले, "अगदी हाच आरोप न्यू इंग्लंडातही करायचे!" ह्यांनी आपली खुर्ची माझ्यापासून हळूच लांब सरकवली.

सिस्टर शेवटच्या रांगेत स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या. "यात माझं नाव कुठाय?" त्यांनी विचारलं. कागद हातोहात फिरला. नाव नव्हतं. "हिला माझं नाव घेताना कुणी ऐकलंय? दोघांनी सोडा, एकानं?" कुणी हात वर करेना. "मग पाण्याचं बघा. मला बुडवायची तर टाकीत गुडघाभर पाणी हवं. ते कधी येणार, सेक्रेटरीसाहेब?" पुढचा तासभर टँकरच्या बिलावर गेला.

म्हणजे बल्कलींचा दोन साक्षीदारांचा नियम आमच्या सोसायटीत लागू झाला आणि सुटले मी.

मीटिंगनंतर सिस्टर मला म्हणाल्या, "ते पुस्तक दे." दोन रात्रींत त्यांनी ते संपवलं. इंग्रजी इस्पितळातलं असलं तरी त्यांचं वाचन माझ्यापेक्षा वेगवान निघालं, आणि वही वगैरे काही नाही. त्यांनी मला चहाला बोलावलं. किटच्या चौकशीत मुख्य पुरावा म्हणून जी वही पुढे करतात, ती बाहुलीवाल्या पोरीची. किट आणि हॅना तिला लपूनछपून लिहायला शिकवत असतात आणि तिनं पानापानांवर आपलंच नाव गिरवलेलं असतं. गाव म्हणतं, हा मंत्र. सिस्टरनी ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. "कागद सापडला की असंच होतं," त्या म्हणाल्या. "तू स्वतःला किट समजून वाचत होतीस ना?"

"हो."

"मला तू क्रफबाई वाटलीस. अर्जापासून." आणि त्यांनी कपात साखर किती ते विचारलं.

घरी येऊन वहीतलं लाल शाईचं वाक्य मी निळ्या शाईनं खोडलं. लाल संपली होती.

नातीच्या शाळेत आवडत्या पात्रावर निबंध होता. तिनं हॅनावर लिहिला. मला विचारलं तेव्हा मी अॅडम क्रफ सांगितला. क्रफबाईचा नवरा. पुस्तकभर बायकोपुढे तोंड न उघडणारा हा माणूस भर चौकशीत, आपल्या पोरीला वाचता येतं हे पाहून, पहिल्यांदा बायकोला गप्प करतो. ह्यांनाही तो फार पटला. "निदान शेवटी त्याला बोलायला तरी मिळालं," एवढं म्हणून ते परत पेपरात शिरले.

व्याख्यान महिला मंडळानं पुढे ढकललंय, तारीख कळवू म्हणालेत. पुस्तक अजून बी विंगमध्येच आहे. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी तिथून न्यावं, मांजरांपासून कुरडया लांब ठेवाव्यात आणि झेरॉक्स काढायची झाली तर मूळ कागद काचेवरून आठवणीनं उचलावा.