आम्हाला उन्हाचं काय सांगता!

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारा मराठी माणूस पंचेचाळिशीला आला की त्याचं काहीतरी बिनसतं. घराचे हप्ते निम्म्याच्या वर फिटलेले असतात, मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर असते, मंडळाच्या नाटकात दोनदा इन्स्पेक्टर करून झालेला असतो. मग कोणी तबल्याच्या क्लासला जातो, कोणी बेसमेंटमध्ये होम थिएटर बांधतो, आणि कोणी ट्रायथलॉनच्या नादी लागतो. या शेवटच्या जातीचा एक तरी नमुना प्रत्येक मंडळात असतोच. आमच्याकडच्या नमुन्याला सगळे भाऊ म्हणतात. तो मूळचा भुसावळचा, आणि खानदेशात पुरुष पाळण्यातच भाऊ होतो.

भाऊला गर्दीत ओळखणं सोपं आहे. गणपतीत आरती चालू असताना त्याच्या मनगटावरचं घड्याळ टाळ्यांनी गोंधळून 'व्यायाम सुरू केलात का?' असं विचारतं आणि तो सगळ्यांदेखत 'नाही' दाबतो. पंगतीत पुरणपोळी आली की बाकीचे 'अर्धीच वाढा' म्हणतात. हा तीन घेतो आणि त्याला 'कार्ब लोडिंग' म्हणतो. स्पर्धा चार महिन्यांवर असते, पण साठा करायला मुहूर्त कशाला लागतो? पायांचे केसही त्याने काढलेत, सायकलवाले काढतात म्हणून. एप्रिलच्या शेवटी त्याची आई भुसावळहून आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीतच बॅगा घ्यायला पुढे झाला. काकूंची नजर त्याच्या पोटऱ्यांवर गेली. "अरे, पाय कोणी भादरले तुझे?" हा त्यांचा त्या खेपेचा अमेरिकेतला पहिला प्रश्न.

ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि मधल्या कपडे-बूट बदलण्याच्या वेळातही घड्याळ चालूच. ऑलिंपिक अंतर म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर पळणं. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतरांनी. बरोबर निम्म्याला स्प्रिंट म्हणतात. ज्याला विचाराल तो सांगतो की बाबा रे, पहिली खेप स्प्रिंटची कर. भाऊलाही सगळ्यांनी सांगून पाहिलं. "निम्मं करून लोकांना काय सांगू?" हे त्याचं उत्तर. मिलिंद सोमणने २०१५ साली पन्नाशीच्या तोंडावर झुरिकची आयर्नमॅन, म्हणजे याहून कितीतरी लांब ट्रायथलॉन, पुरी केली, हे वाक्य भाऊ वाढदिवसाला बोलतो, बारशाला बोलतो, आणि एकदा तर एका तेराव्यालाही बोलला. त्या वाक्यातली पन्नाशी त्याला दिसते, सोमण दिसत नाही.

उन्हाळ्यातल्या शर्यतीची निवड भर जानेवारीत होते, हीच यातली खरी मेख आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटर, मांडीवर लॅपटॉप. लवकर नोंदणी केली तर फीमध्ये सवलत असते आणि सवलत पाहून मराठी माणसाचं मन विरघळतं. भाऊने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. मी तो पाहिलाय. तारीख, फी, पाणी नदीचं की तळ्याचं, रस्त्याला चढ किती, पार्किंग, टी-शर्टचा रंग, आणि एक रकाना 'जवळचे नातेवाईक'. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन ज्या महिन्यात असेल तो महिना आपोआप बाद. हडसन नदीतली न्यूयॉर्कची जुलैतली स्पर्धा घरापासून तासाभरावर होती, पण जुलै २०१९ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे ती रद्द झाल्याचं वाचून भाऊने तिच्यापुढे लाल खूण केली. उन्हाला भिऊन नव्हे. आयोजकच उन्हाला भितात म्हणून. शिकागोची ऑगस्टमधली स्पर्धा ऑफिसच्या ऑडिटमध्ये गेली. उरलं टेक्सासमधलं ऑस्टिन. मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीत. तिथल्या लेडी बर्ड तळ्यात १९६४ पासून पोहायला बंदी आहे, पण स्पर्धेपुरती ती उठते. एरवी मना असलेल्या पाण्यात पैसे भरून राजरोस उतरता येतं, हे भाऊला भारी आवडलं. शिवाय तिथे मावसभाऊ राहतो. हॉटेलचे पैसे वाचले, तक्ता जिंकला.

त्या तक्त्यात 'उष्णता' असाही एक रकाना होता. बाकीच्या रकान्यांत आकडे, लिंका, रंग. या रकान्यात सगळ्या ओळींत एकच मजकूर: 'लागू नाही. भुसावळ.'

ही घमेंड भाऊ एकट्याची नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव, भुसावळ या पट्ट्यातला माणूस जगात कुठेही गेला तरी आपलं ऊन बरोबर घेऊन जातो. पंचेचाळीस अंश हा आकडा तो आडनावासारखा सांगतो. अमेरिकन सहकारी बत्तीस अंशांना कपाळ पुसू लागला की हा सूक्ष्म हसतो. "याला ऊन म्हणतात? आम्हाला उन्हाचं काय सांगता!" भाऊची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्रज्ञ आहेत आणि कमी बोलतात. त्या एवढंच म्हणाल्या, "तू गेली वीस वर्षं एसीत बसतोस." शास्त्रही तेच सांगतं. उन्हात रोज थोडं थोडं काम केलं तर दहा-चौदा दिवसांत शरीर शिकतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. ऊन सुटलं की हे सगळं काही आठवड्यांत ओसरतं. जन्मदाखल्यावरचा जिल्हा घर्मग्रंथींना वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट दमटपणाची. खेळाडूंसाठी आणि सैनिकांसाठी उष्णता मोजताना नुसता पारा बघत नाहीत. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या तळांवर नवे रिकरूट उन्हाने कोसळू लागले, तेव्हा एक मिश्र निर्देशांक निघाला. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला त्यात सत्तर टक्के वजन, काळ्या गोळ्यातल्याला वीस, आणि ज्याचा आकडा आपण वर्तमानपत्रात वाचून चर्चा करतो त्या साध्या तापमापकाला अवघं दहा. म्हणजे भुसावळच्या कोरड्या पंचेचाळीसचा रुबाब दहा टक्क्यांतच संपतो. मे महिन्यात ऑस्टिनला मेक्सिकोच्या आखाताकडून ओलसर हवा येते. घाम येतो, निथळतो, पण वाळत नाही. आणि थंडावा येतो तो वाळण्याने. मी हे अर्धा तास समजावत होतो. शेवटी काकूच कंटाळून म्हणाल्या, "पावसाळ्यात माठातलं पाणी गार होतं का रे? तसंच ते." विषय संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला, भाऊपुरता नाही.

तरी मनात कुठेतरी पाल चुकचुकली असावी. कारण मेच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर बारा अंशांत पाऊस पडत असताना, भाऊने बेसमेंटमध्ये उन्हाळा तयार करायला घेतला. सायकल स्टँडवर चढवलेली, शेजारी हीटर, अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट, डोक्याला माकडटोपी. मी गेलो तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. चेहरा बिटासारखा लाल, रेनकोटच्या बाहीतून घामाची धार कोपरावर येऊन थेंब थेंब खाली. काकू ताकाचा पेला घेऊन जिना उतरल्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग वर गेल्या, कणीक मळायची मोठी परात घेऊन आल्या आणि सायकलखाली सरकवली. कार्पेट नवीन होतं. परातीत टप् टप् आवाज सुरू झाला.

"घाम काढायला एवढा खटाटोप?"

"सवय करतोय आई, उन्हाची."

"कसली सवय? मे महिन्यात बारा ते चार आपल्याकडे कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. तू काय उन्हात हिंडायचास? कूलरपुढे बसून पत्ते कुटायचास दिवसभर."

भुसावळची उन्हातली सगळी विद्या या उत्तरात आहे. पहाटे कामं उरकायची, डोक्याला उपरणं गुंडाळायचं, कैरीचं पन्हं घ्यायचं आणि दुपारी दारं-खिडक्या लावून आडवं व्हायचं. ते गाव ऊन सोसतं यापेक्षा ऊन टाळतं म्हणणं जास्त खरं. सकाळी अकराला डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर पळणारा भुसावळकर मला तरी कोणी दाखवावा. जपानी लोकही असेच शहाणे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, पुरुषांची ट्रायथलॉन त्यांनी सकाळी साडेसहाला सुरू केली. नॉर्वेच्या क्रिस्तियान ब्लुमेनफेल्टने ती १ तास ४५ मिनिटं ४ सेकंदांत जिंकली आणि रेषेपलीकडे जाऊन तो भडाभडा ओकला. जगज्जेत्या देहाची सकाळी सव्वाआठला ही गत.

इथे हौशी ट्रायथलॉनमधला एक अन्याय सांगितलाच पाहिजे, कारण कुठल्याही जाहिरातीत तो सापडत नाही. सगळे एकदम पाण्यात सुटत नाहीत. वयोगटांच्या लाटा सोडतात, दर काही मिनिटांनी एक. तुमची लाट सातला सुटते की साडेआठला, यावर पळण्याची वेळ ठरते. चांगला गडी साडेनऊला घरी. भाऊसारखा सव्वातीन तासांचा हिशेब बांधून आलेला माणूस ऐन पळायच्या वेळी अकराच्या उन्हात. जो जितका हळू, त्याच्या वाट्याला ऊन तितकं जास्त. भाऊच्या तक्त्यात टी-शर्टच्या रंगाला रकाना होता, लाटेच्या वेळेला नव्हता.

पोहण्याचीही तीच तऱ्हा. भाऊ मामाच्या विहिरीत शिकलेला, म्हणजे मान वर आणि तोंडाने गप्पा. वायएमसीएच्या तलावात त्याला फ्रीस्टाइल नव्याने शिकावं लागलं. तारायला म्हणून त्याने फेब्रुवारीच्या सेलमध्ये वेटसूट घेतला. रबरी असल्यामुळे तो माणसाला वर धरतो, कच्च्या पोहणाऱ्याचा जीव त्यात अडकलेला असतो. पण अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पाणी ७८ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सियसच्या वर गेलं की वेटसूट घालणाऱ्याचं नाव बक्षिसाच्या यादीतून जातं, आणि ८४ पासून तो घालायचीच मनाई. ऑस्टिनला त्या दिवशी पाणी ७९ होतं. घालायची मुभा होती. भाऊने घातला नाही. "बक्षिसाचा हक्क कशाला सोडायचा?" त्याच्या वयोगटात साठेक जण होते.

पाण्यातून तो बाहेर आला शेवटच्या डझनभरात, पण आला. सायकलवर बरा चालला. काँग्रेस अव्हेन्यूवर राजधानीचा घुमट समोर दिसतो, वारा लागतो, माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. मग बूट बदलून पळायला लागला तेव्हा अकराला दहा कमी होते. पहिला मैल पळाला. दुसऱ्या मैलात पळणं आणि चालणं यांत फरक उरला नाही. पुढे तो पाण्याच्या एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत चालत होता आणि प्रत्येक ठिकाणी टोपीत बर्फ भरून घेत होता. मावसभाऊ कठड्यापलीकडून "भाऊ, थांबतोस का?" विचारत होता. भाऊने हाताने नाही म्हटलं. एकच शहाणपण त्याने केलं: काकूंनी बांधून दिलेली लिंबू-साखर-मिठाची बाटली मागच्या खिशात होती, ती तो घोट घोट घेत राहिला. नुसतं पाणी ढोसत बसलं की रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस उलटा आडवा होतो, हे त्या माउलीला कोणी शिकवलं नव्हतं. तीन तास बावन्न मिनिटांनी त्याने रेष ओलांडली. पदक मिळालं. ते सगळ्यांनाच मिळतं.

परत आल्यावर मंडळात हकीकत विचारली गेली. भाऊ गंभीर झाला. "ऊन काहीच नव्हतं," म्हणाला. "दमट होतं. खरं ऊन असतं तर पळून दाखवलं असतं."

आता पुढच्या मोसमाचा तक्ता उघडलाय. एक रकाना वाढलाय. 'उष्णता: लागू नाही' हे तसंच आहे, पण शेजारी 'दमटपणा' आणि त्याखाली सगळ्या ओळींत 'आईला विचारणे' असं लिहिलंय. काकू ऑक्टोबरात परत गेल्या, तेव्हा फोनवर विचारावं लागणार. त्या काय सांगणार हे मला ठाऊक आहे: सप्टेंबर धर, निम्मं कर.

तुमच्या मंडळातला भाऊ येत्या जानेवारीत लॅपटॉप घेऊन बसेल तेव्हा त्याच्याशी उन्हावर वाद घालू नका, ते व्यर्थ आहे. आपली लाट किती वाजता सुटते, एवढं मात्र आयोजकांना विचारायला लावा, आणि तेही पैसे भरण्याआधी. भरलेली फी सहसा परत मिळत नाही.