चिमट्याचा घोडा

आमच्या घरात एक पिस्तूल आहे, हे वाक्य मुखेडमध्ये मोठ्यानं म्हणण्यासारखं नाही. 'गावठी कट्ट्यासह एकास अटक' अशी चौकट वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि तिच्यातला तो 'एक' नेहमी दुसऱ्याच गल्लीतला असतो, अशी आपली समजूत असते. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा, आणि ती घरी घडवणं त्याहून मोठा गुन्हा. म्हणून आधीच सांगून टाकतो. माझं पिस्तूल लिंबाच्या लाकडाचं आहे. त्यातून मिठाईच्या पुड्याला लावतात तसलं रबर उडतं आणि साडेसात फुटांवर जाऊन दमल्यासारखं खाली बसतं. साडेसात फूट मी टेप लावून मोजलेत. उद्या चौकशीला आलंच कुणी, तर आकडा तोंडावर असलेला बरा.

नातू पुण्याहून दसऱ्याला चार दिवस येणार होता. फोनवर त्यानं एकच मागणी ठेवली होती, बंदूक. बाजारात मिळतात त्या प्लास्टिकच्या बंदुकांतून पिवळ्या गोळ्या उडतात, त्या डोळ्याला लागतात, असं आमच्या सौभाग्यवतींनी कुठंतरी वाचलेलं. त्यामुळे विकतचा रस्ता बंद झाला. मी पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर हातांना काम नव्हतं आणि डोक्याला गरजेपेक्षा जास्त होतं. म्हटलं, आपणच करू. जुन्या पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर पिस्तुलाची आकृती काढली. बाजू समांतर, कोन नेमके, मुठीचा बाक कंपासनं आखलेला. इतकी देखणी आकृती मी फळ्यावरही कधी काढली नसेल. आमच्या सुतारानं ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि उलटी करून पाहिली. "छान काढलाव गुरुजी," तो म्हणाला, "पण लाकडाला इचारलाव का?"

लाकडाला विचारायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. लाकडात रेषा असतात आणि त्या झाडानं आपल्या सोयीनं ओढलेल्या असतात. मूठ मी त्यांना आडवी कापली. आकृतीप्रमाणे ती बिनचूक होती. कानशीनं घासता घासता मुठीचा अर्धा भाग भाकरीचा तुकडा मोडावा तसा अलगद माझ्या हातात आला. आवाजसुद्धा केला नाही. ज्या विद्यार्थ्याला आपण वर्षभर रागावलो आणि ज्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही, त्याची मला आठवण झाली. दुसरी मूठ उभ्या रेषेत कापली. ती टिकली, पण माझ्या हाताच्या मापाची झाली होती. आठ वर्षांच्या मुलाला ती धरायला दोन्ही हात लागले असते आणि मग चाप ओढायला तिसरा कुठून आणायचा? पिस्तूल कुणासाठी करतो आहोत हेच आपण विसरलो, हे ध्यानात यायला मला दोन दिवस आणि दीड फूट लाकूड लागलं. तिसऱ्या मुठीच्या वेळी मात्र मी शेजारच्या मुलीला बोलावून तिचा पंजा कागदावर गिरवून घेतला. तिनं विचारलं, "काय करायलाव आजोबा?" मी म्हणालो, "पिस्तूल." तिनं आपला हात हळूच मागं घेतला.

मूठ झाली, नळी झाली, मग आलं घोड्याचं काम. मराठीनं या खटक्याला घोडा म्हटलं आहे आणि बोटानं ओढायचा तो चाप. नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. घोडा, माशी... एवढ्याशा हत्यारात आपल्या लोकांनी निम्मा गोठा आणून बांधला आहे. 'पिस्तूल' पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरलं. 'बंदूक' अरबीतून आली आणि तिथं तो शब्द मुळात एका गोल बदामासारख्या फळाचा. 'दारू' फारसीत औषधाला म्हणतात. फळ, औषध आणि घोडा! घरातून हे शब्द बाजारहाटाला निघाले असावेत आणि वाटेत त्यांना वाईट संगत लागली.

घोडा म्हटलं की आम्हा नांदेडकडच्या माणसांना माळेगावच आठवतं. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या त्या यात्रेला मार्गशीर्षात जनावरांचा बाजार भरतो. घोडे, गाढवं, उंट, शिकारी कुत्रे आणि त्यांच्यामागं धुळीत चालणारी माणसं. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी विचारलं होतं, काय पाहिजे? मी म्हणालो, घोडा. ते हसले आणि त्यांनी एक घोडा घेतला, पण तो पत्र्याच्या पिस्तुलाला बसवलेला होता. सोबत टिकल्यांची गुंडाळी. पहिली टिकली फुटली, निळसर धूर निघाला, जळक्या काडीचा वास आला आणि खऱ्या घोड्याचा मला जो विसर पडला तो पडलाच.

घरी आल्यावर ते पिस्तूल मी आजीवर रोखलं. 'ठो' म्हणायच्या आत तिनं एक बोट पुढं केलं आणि नळीचं तोंड भिंतीकडं वळवलं. "माणसाकडं तोंड करू नाही," एवढंच म्हणाली आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली. रागावली नाही. रझाकारांच्या काळात तिनं कितीतरी रात्री उभ्या पिकात लपून काढल्या होत्या, हे मला फार पुढं कळलं. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य १७ तारखेला संपलं, हे पुस्तकात आहे. त्यानंतरही एक बाई आवाजाच्या दिशेला पाठ करून बसायची सवय किती वर्षं जपते, हे कुठल्या पुस्तकात नाही. दिवाळीत ती आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि फटाक्यांना 'पोरांचं खूळ' म्हणायची. मी टिकल्या अंगणाच्या पार टोकाला जाऊन वाजवायला लागलो. तिच्यासाठी म्हणून नव्हे. तिथला धूर जास्त वेळ टिकायचा, म्हणून. मुलांची माया अशीच चुकून होते.

तर, घोडा. मी पातळ पत्रा वाकवून पाहिला, सायकलची तार वाकवून पाहिली. पत्र्यानं रबर सोडलंच नाही आणि तारेनं धरलंच नाही. एक हट्टी, दुसरी उदार. संसारात दोन्ही चालतात, पिस्तुलात चालत नाहीत. शेवटी गच्चीवर वाळत घातलेल्या धोतराकडं लक्ष गेलं. कपड्यांचा लाकडी चिमटा! धरायचं तेव्हा घट्ट धरतो, दाबलं की सोडतो, आणि सोडल्याचा मनात राग ठेवत नाही. सुताराला दाखवला तर तो म्हणाला, "हे तर घरातच होतं की." घरातच होतं, हे कळायला एवढी यातायात करावीच लागते, असं मी त्याला म्हणालो नाही. तो मजुरी घेणार नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

माशीच्या जागी एक बारीक चूक ठोकली. चाचणीच्या दिवशी दुपारी मी ओसरीत बसलो, समोरच्या कोनाड्यात रिकामी काडेपेटी उभी केली, एक डोळा मिटला. तेवढ्यात एक खरी माशी येऊन चुकेवर बसली. मी थांबलो. तिनं पुढचे पाय एकमेकांवर चोळले, मागचे चोळले आणि माझ्याकडं पाहत बसून राहिली. शेवटी मी तिच्यावरूनच नेम धरला. रबर डावीकडं गेलं, काडेपेटी जागची हलली नाही आणि माशीही हलली नाही. त्या दुपारी माझ्या पिस्तुलावर पूर्ण विश्वास असलेला तो एकच जीव होता.

गावातल्या दशरथेश्वराच्या मंदिरात नाचणाऱ्या मातृका आहेत. संध्याकाळी मी तिथं गेलो की पूर्वी त्यांचे दागिने बघायचो. त्या आठवड्यात मात्र मुठी बघत होतो. देवीदेवतांच्या हातांत दगडाची शस्त्रं देताना त्या कारागिरांनी मुठीचा बाक कसा साधला असेल? दगडालाही ते आधी विचारत असतील का? शेकडो वर्षं झाली, त्या शस्त्रांचा एकही वार अजून कुणाला लागलेला नाही. तिथल्या पायरीवर बसून मला माझ्या साडेसात फुटांचं वाईट वाटेनासं झालं.

नातू आला. पिस्तूल त्यानं हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, याला चार्जिंग कुठून करायचं?" मग त्यानं रबर चढवलं, माझ्या पोटावर नेम धरला. माझं बोट पुढं गेलं आणि नळीचं तोंड भिंतीकडं वळवून मागं आलं. आपण काय केलं हे मला बोट मागं आल्यावर कळलं. त्यानं भिंतीवर रबर मारलं, ते परत येऊन त्याच्याच पायाशी पडलं आणि त्याला ते इतकं आवडलं की चार दिवसांत त्यानं घरातली सगळी रबरं संपवली.

खंडेनवमीला सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे पाट मांडला. विळी, कात्री, खुरपं, शिलाई मशीनची बॉबिन, माझा जुना कंपास. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंहांची शस्त्रं जपून ठेवलेली आहेत, असं मी नातवाला सांगत होतो. तोपर्यंत त्यानं आपलं पिस्तूल हळूच पाटावर, कात्रीच्या शेजारी सरकवलं. त्याच्या आजीनं पाहिलं, काही बोलली नाही. सगळ्या हत्यारांना लावलं तसं बोटभर कुंकू तिनं चिमट्यालाही लावलं.

तो परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला, सोबत वारं. दोरीवरचे कपडे उडायला लागले आणि चिमटे एकानं कमी भरले. पिस्तूल आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, घोड्याविना. घोडा गच्चीवरच्या दोरीवर टॉवेल धरून असतो. कुंकू अजून पुरतं धुतलं गेलेलं नाही.