छतावरची डाळ

कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी लेकीने आयुष्यातला पहिला स्वतंत्र कुकर लावला. तो शिट्टी देईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ती आपली ओट्याला टेकून मोबाइल बघत होती. पाणी प्यायला म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मागे असा काही आवाज झाला, की शेजारचे काका चपला न घालताच जिन्यात आले. कुकर जागेवर होता, झाकण जागेवर होतं, शिट्टीही जागेवर होती. तुरीची डाळ मात्र छताला लागली होती.

यामागचं शास्त्र सोपं आहे. डाळ शिजताना फेसाळते. कुकर अर्ध्याच्या वर भरला की तो फेस वर चढतो आणि शिट्टीखालच्या नळीत डाळ अडकून बसते. वाफेला वाट राहत नाही. अशा वेळी झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि कुकर फुटण्याऐवजी आतला ऐवज त्या भोकातून वर उडतो. म्हणजे व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं होतं. साताऱ्याहून निघताना आईने तीनच गोष्टी बजावल्या होत्या: डाळ अर्ध्याच्या वर नको, तेलाचा थेंब टाक आणि झाकण लावण्याआधी नळीतून फुंकून बघ. लेकीचं सगळं लक्ष एसटीकडे होतं. ती "हो गं आई" म्हणाली. ‘हो गं आई’ हा न ऐकण्याचा मराठीतला सगळ्यात सभ्य प्रकार आहे.

स्टुलावर चढून, झाडूला फडकं बांधून तिने छत पुसलं. पांढऱ्या रंगावर फिकट पिवळा डाग राहिलाच. रात्री आईचा फोन आला. "जेवलीस का?" "हो." "काय केलं होतंस?" "डाळ." खोटं असं काही बोलावं लागलं नाही.

या आईच्या उपदेशांची एक खोड होती. त्यांना कारण जोडलेलं नसायचं. कपडे झटकून वाळत घाल. पावती फेकू नकोस. सही करण्याआधी कागद वाच, मागची बाजूसुद्धा. का, असं विचारलं तर "सांगितलंय तेवढं कर." घरातल्या वस्तूंनाही हाच नियम. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय ओट्याच्या डोक्यावर, इतक्या उंच खिळ्याला टांगलेलं, की संकष्टी कधी आहे ते बघायला स्टूल घ्यावं लागे. "जरा खाली लाव की," असं घरातला प्रत्येक जण दर जानेवारीत म्हणायचा. "आहे तिथंच बरं आहे," हे उत्तरही दर जानेवारीतच मिळायचं.

कारणं मिळाली, पण पुढे, एकेक करून आणि बहुतेक वेळा बिलासकट.

पहिलं कारण सरकारने दिलं. लेकीच्या लहानपणी आईच्या पर्समध्ये कापडी पिशवी असे, त्या पिशवीत आणखी एक पिशवी आणि त्या दुसरीचं कापड बाबांच्या जुन्या पँटचं. खिशासकट. मैत्रिणींसमोर त्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावायला लागली की लेक चार पावलं मागे चालायची. मग मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, २३ जूनपासून कारवाई सुरू झाली आणि पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये दंड ठरला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात लेक मंडईत दोन्ही हातांत मिळून दोन किलो टोमॅटो, कोथिंबीर आणि भोपळ्याची फोड कवटाळून रिक्षा शोधत होती. पुढच्या शनिवारी ती साताऱ्याहून परतली तेव्हा बॅगेत पँटची पिशवी होती. खिसा सुट्ट्या पैशांसाठी उत्तम असतो, हे तिला त्या दिवशी कळलं. आईला ते अर्थातच आधीपासून ठाऊक होतं.

दुसरं कारण आलं ते रक्ताच्या रिपोर्टमधून. जिना चढताना धाप लागते म्हणून तपासणी केली तर हिमोग्लोबिन ९.२. यात ती एकटी नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चष्मा काढून समजावून सांगितलं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं तर घेतं, तेव्हा वरणावर, पोह्यांवर लिंबू पिळत जा. जेवणावर लगेच चहा नको, चहातली टॅनिन्स लोह अडवून धरतात. कडधान्यं भिजवून, मोड आणून खा. आणि घरात लोखंडी कढई असेल तर भाजी तिच्यात करा, थोडं लोह तिच्यातूनही उतरतं.

लेक मान डोलवत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर ती कढई येत होती. आईने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली, "घासली की लगेच पूस आणि तेलाचा हात लाव," या सूचनेसह. ती पुसलीही गेली नव्हती आणि तिला तेलही लागलं नव्हतं, त्यामुळे गंज चढला होता आणि कढईची रवानगी माळ्यावर झाली होती. तिच्या जागी ऑनलाइन सेलमधला नॉनस्टिक पॅन आला होता. लिंबाची फोड तर ती ताटाच्या कडेला तशीच ठेवून उठायची. शोभेची वस्तू समजून.

संध्याकाळी तिने फोन करून सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"किती घेतले?"

"आठशे."

"चांगले आहेत हं डॉक्टर," आई म्हणाली. "तू ऐकतेस त्यांचं."

मात्र आठशे रुपये म्हणजे काहीच नाहीत, आईचं म्हणणं खरं ठरवायला एका देशाला थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात जावं लागलं होतं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. ज्या देशात गुडघा फुटलेलं पोर रडायला लागायच्या आत हळदीचा डबा उघडला जातो, तिथे ही बातमी कशी वाचली गेली असेल! वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, या पेटंटला आव्हान दिलं. तेव्हा महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, वडील लवकर गेल्यावर मुंबईत आईनेच कष्ट करून वाढवलेले. गंमत अशी, की अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट पुरावा म्हणून चालत नसे, ती कुठेतरी छापलेली असावी लागे. तेव्हा ‘आमची आई लावते’ हे बाद. मग जुने ग्रंथ काढले, १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख काढला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. लेकीने ही सगळी कथा मोठ्या उत्साहाने आईला ऐकवली. आईला लढाईचं फारसं कौतुक वाटलं नाही. "माणसं भांडायला मोकळी असतात," एवढंच म्हणाली आणि डाळीत चिमूटभर टाकायला वळली.

आता आईच नेहमी बरोबर असते असं लिहून टाकलं तर दिवाळी अंकातल्या जाहिरातीसारखं वाटेल. नसते. याचा लेखी पुरावा कॅलिफोर्नियातल्या डॉ. डोनाल्ड उंगर यांनी देऊन ठेवला आहे. बोटं मोडू नकोस, संधिवात होईल, असं त्यांना लहानपणी आईने बजावलं, मावश्या-आत्यांनी बजावलं, पुढे सासूबाईंनीही बजावलं. या मुलाने वाद घातला नाही. त्याने पन्नास वर्षं दिवसातून किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. हिशेब केला तर निदान ३६,५०० वेळा. दोन्ही हात सारखेच राहिले, संधिवात कुठेच नाही. १९९८ मध्ये हे निष्कर्ष एका संधिवातविषयक नियतकालिकात छापून आले आणि २००९ मध्ये त्यांना गमतीदार संशोधनासाठीचा इग नोबेल पुरस्कार मिळाला. आईचं एक वाक्य खोडायला पन्नास वर्षं! इतका आज्ञाधारक अवज्ञाकारी मुलगा दुसरा नसेल.

लेकीला हे सापडलं तेव्हा तिला गड जिंकल्यासारखं झालं. तिने आईला गाठून उंगर यांची गोष्ट सांगितली आणि वर मुद्दाही काढला, की दृष्ट लागू नये म्हणून तू स्वतः माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडतेस, ते कसं चालतं? आई क्षणभरच थांबली. "ती तुझ्यासाठी मोडते," ती म्हणाली. "स्वतःसाठी मोडली की होतो."

विजयाच्या नादात लेकीने ‘ओलं डोकं घेऊन बाहेर पडू नकोस, सर्दी होईल’ हेही खोडायला घेतलं. सर्दी विषाणूमुळे होते, केसांमुळे नाही, हे कोणीही सांगेल. पण शोधता शोधता तिला कार्डिफ विद्यापीठाचा २००५ मधला प्रयोग सापडला. १८० माणसांपैकी निम्म्यांना वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं होतं आणि पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याची तक्रार त्यांच्यातच जास्त निघाली. पाय म्हणजे डोकं नव्हे, हे खरं. तरी लेकीने स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली आणि ही बातमी घरी कळवली नाही.

परवा, म्हणजे डाळ उडाल्याला जवळपास सात वर्षं झाल्यावर, आई पहिल्यांदाच चार दिवस सलग राहायला आली. फ्लॅट तोच, घरमालक तेच, त्यामुळे रंगही तोच. दुपारी ती स्वयंपाकघरात पाट टाकून मेथी निवडत बसली होती. मान अवघडली म्हणून तिने ती मागे टाकली आणि नजर वर गेली. लेक ओट्यापाशी चहा गाळत होती, ती तशीच थांबली.

"नळीतून फुंकलं नव्हतंस ना?"

"तुला कसं कळलं?"

आईने मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली. "हळद आहे ती. घासून जात नाही. आणि वरून चुना फासायला जाऊ नकोस, लालभडक होतं."

"मग काय करू?"

"आता छताला काय करणार?" आई पुन्हा जुडीकडे वळली. "भिंतीवर असतं तर कालनिर्णय तरी टांगता आलं असतं."