शंभर मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर: नवशिक्यांसाठी खात्रीशीर कृती

साहित्य: बीएफ 494 ट्रान्झिस्टर, 0.1 मायक्रोहेन्रीची कॉइल, 25 पिकोफॅरडचा कपॅसिटर, पाच-सहा किरकोळ भाग, ब्रेडबोर्ड आणि आत्मविश्वास. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळेल. आत्मविश्वास मात्र घरूनच न्यावा, काउंटरवरचा माणूस “कशासाठी हवंय?” असं विचारतो तेव्हा तो लागतो.

रेझोनन्सच्या सूत्रात आकडे घालावेत. उत्तर जवळजवळ शंभर मेगाहर्ट्झ येईल. आता वही मिटावी, कारण हा आकडा पुन्हा कुठेही दिसणार नाही.

सर्किट ब्रेडबोर्डवरच जोडावं. त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये दोन-तीन पिकोफॅरड फुकट मिळतात. ऑडिओच्या कामात त्यांना कुणी विचारत नाही, पण इथे पंचविसात तीन मिसळले की शंभराचे साडेचौऱ्याण्णव होतात. ट्रान्झिस्टरच्या पोटात दडलेले पिकोफॅरड वेगळेच. जंपर ऐसपैस लांब घ्यावेत. तारेच्या दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री पडतो, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या जंपरात तुमची अर्धी कॉइल आली. आकृतीत ती नुसती रेघ असते. आकृती काढणाऱ्याला काय जातंय!

सप्लायवर 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा, असं जो तो सांगतो. लावावा, पण पाय कापू नयेत. पुढच्या प्रोजेक्टला उपयोगी पडतील. दोन्ही पाय सेंटिमीटर-सेंटिमीटरभर राहिले, तर साडेतीन मेगाहर्ट्झच्या वर हा कपॅसिटर कॉइलसारखा वागायला लागतो आणि शंभरवर बारा-साडेबारा ओहमचा अडथळा होऊन बसतो. मग सप्लायची तारही ऑसिलेटरचा भाग होते. मदतीला चार हात वाढले म्हणायचं.

आता लॅबमधला स्कोप आणावा. प्रोबचं बटण ज्याने त्याने एक्स-वनवरच ठेवलेलं असतं, म्हणजे जवळजवळ शंभर पिकोफॅरड. कॉइलला टेकवला की ऑसिलेशन बंद, उचलला की चालू. सर्किट कुणी बघत नसतानाच चालतं, हे तोंडी परीक्षेत परीक्षकांना पटवून द्यावं. (ज्यांना खरोखरच मोजायचं आहे त्यांनी प्रोब लावूच नये. दोन वेढ्यांची तार कॉइलपासून बोटभर अंतरावर धरावी आणि तिचं टोक लॅपटॉपला लावायच्या स्वस्त एसडीआर डाँगलला जोडावं.)

एवढं करूनही ऑसिलेटर चालला नाही, तर त्याच सामानाचा ॲम्प्लिफायर करायला घ्यावा. तो हमखास ऑसिलेट होतो. विनोद जुना असला तरी कारण खरं आहे: आउटपुट तारांमधून, पट्ट्यांमधून चोरवाटेने इनपुटवर परततं, फेज जुळली आणि फेरीचा गेन एकाच्या वर गेला की झालं.

उतावळ्यांसाठी आडवाट आहे. कोऱ्या कॉपर क्लॅडचा तुकडा घ्यावा, अख्खं तांबं ग्राउंड मानावं आणि भागांचे पाय आखूड कापून ते अधांतरीच एकमेकांना डाग द्यावेत. दिसायला उकिरडा, पण चालतं. मार्क मात्र काटकोनात वळवलेल्या लांब तारांनाच मिळतात, तेव्हा निर्णय आपापला.

अँटेना जोडू नये; परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे. नारायणगावच्या आसपास राहत असाल तर हे विशेष मनावर घ्यावं. तिथे खोडदच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आकाश ऐकत बसलेल्या असतात, आणि तुमच्या शंभराचे दुसरे-तिसरे हार्मोनिक, 200 आणि 300 मेगाहर्ट्झ, नेमके त्यांच्या पट्ट्यात पडतात.

म्हणून शेवटी सर्किट पत्र्याच्या डबीत बसवावं. झाकण लावताच फ्रिक्वेन्सी पुन्हा सरकेल. झाकणाला भोक पाडून ट्रिमर फिरवावा, तोही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. लोखंडी घातलात तर आत असेपर्यंत सगळं जुळेल आणि बाहेर काढलात की बिघडेल.