नाना, गाडी आखूडच घ्या

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. नाना व सौ. काकूंस,


नाना, लोक घर बांधून झालं की गाडी घेतात. तुम्ही घरालाच चाकं लावायला निघालात. हौसेला आमची ना नाही. पण जी साडेसात मीटरची मोटरहोम तुमच्या मनात भरली आहे ती चंद्रपूर-गडचिरोलीची नाही, इथली आहे. इथे गाडी निवडताना पहिला प्रश्न वजनाचा असतो. साध्या कारच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे कारखानदार पलंगाची फळीसुद्धा तोलूनमापून बसवतात. आपल्याकडे हलक्या वाहनाची मर्यादा ७५०० किलो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ती कायम ठेवली. तेव्हा कायद्याच्या बाजूने तुम्ही हत्तीएवढी गाडी हाकायला मोकळे आहात. तुम्हाला अडवणार आहे तो रस्ता.

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल आहे, आणि त्या जंगलात नाल्यांना तोटा नाही. लांब मोटरहोमचा धोका पुढे नसतो, मागे असतो. मागच्या चाकामागे दीड-दोन मीटर धड लोंबत असतं. गाडी रपट्यावरून पलीकडच्या चढाला लागली की हेच धड जमिनीला घासतं, आणि पाण्याच्या टाकीचे नळ नेमके तिथेच खाली असतात. तुम्ही म्हणाल, आता पूल झाले, रस्ते रुंद झाले. झाले, खरं आहे. पण त्याच रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही आले. भामरागडला पर्लकोटा नदी फुगली की पावसाळ्यात गाव तुटतं, ते वेगळंच. तेव्हा फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावरची गाडी घेणार असाल तर ४०२० नको, ३३५० घ्या. हे आकडे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचे आहेत, मिलिमीटरमध्ये. सव्वीस इंच कमी होतील आणि घोर बराच कमी होईल.

आता एसी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या घरात जातो, म्हणून विक्रेता छतावरचा एसी आधी दाखवणार. त्याला साधा हिशोब विचारा. लहानसा एसीही तासाला एक युनिट खातो, म्हणजे रात्रीचे आठ. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर पावणेदोन युनिट देते आणि निम्मी रिकामी केली की कुरकुरते. एका झोपेसाठी अशा आठ-नऊ बॅटऱ्या लागतील. त्या ठेवल्यावर तुम्ही कुठे झोपणार? सोलरचं म्हणाल तर पॅनेलसाठी गाडी दिवसभर उन्हात उभी करायला हवी, म्हणजे गार होण्यासाठी आधी भाजून निघायचं. बाहेरून वीज घ्यायची तर जिथे प्लग मिळेल तिथे खोली आणि कूलरही मिळेल. ज्या जिल्ह्यात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे तिथे गाडीतल्या माणसाने विजेसाठी दारोदार फिरावं, हे मला तरी शोभणारं वाटत नाही. यावर तुमचा मोठा आक्षेप मला ठाऊक आहे : वाघ तर उन्हाळ्यातच दिसतो! दिसतो, पण तुमच्या गाडीला नाही. ताडोब्याच्या सफारीला मोहर्ली असो की कोलारा, नोंदणी केलेल्या जिप्सीतच बसावं लागतं. तुमचं फिरतं घर तोवर गेटबाहेर तापत राहणार. म्हणून उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोडा. गाडी दिवाळी ते होळीसाठी घ्या आणि एसीचे पैसे वाचवा.

ते पैसे कुठे घालायचे, ते काकूंना विचारा. स्वयंपाकघराला त्या आधी नाही म्हणतील, कारण सहलीलाही ओट्यापाशीच उभं राहायचं तर घर काय वाईट होतं? चहापुरती एक शेगडी पुरे. खर्च करावा तो संडासावर. मार्कंड्याच्या यात्रेत, आलापल्लीच्या सागवनात किंवा सिरोंच्याच्या वाटेवर बाईमाणसाला खोलीपेक्षा त्याचीच जास्त अडचण होते. पण तोही नीट निवडा. इथे मोटरहोम उभ्या करायच्या जागी मैला ओतायची सोय केलेली असते, म्हणून गाडीखाली मोठी पक्की टाकी चालते. आपल्याकडे तशी सोय गृहीत धरू नये. पेटी बाहेर काढून घरच्या संडासात रिकामी करता येते तोच प्रकार बसवा. नाल्यात ओतायचा विचारसुद्धा नको. त्या नाल्याचं पाणी कुणीतरी पितं.

"तिकडूनच एखादी जुनी पाठव" हे तर विसराच. जुनं वाहन भारतात आणायचं तर ते तीन वर्षांच्या आतलं आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगचं लागतं. इथली सगळी डावखुरी. ओळखीच्या गॅरेजात मिनीबस कापून पलंग वेल्डिंग करून घेणं स्वस्त पडेल, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेला मूळ सांगाडा मालकाला मनाला येईल तसा बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं आहे. पुढे अपघात झाला तर विमावाले पहिलं बोट तिथेच ठेवतील. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे मंजूर झालेलीच गाडी घ्या. एमएच-३४ चा नंबर लागेल तेव्हा आरसीवर काय लिहून येणार, ते बयाणा देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या. काकूंची सही झाल्याशिवाय चेक फाडू नका.



आपला पुतण्या