गुडघा की कंबर?

मुलानं परतीच्या तिकिटात आम्हा दोघांसाठी व्हीलचेअर मागितली, तेव्हा मी रीतसर संतापलो. उन्हाळाभर एडिसनमधल्या त्याच्या शेजाऱ्यांना मी सिंहगड कसा चढतो ते ऐकवून झालं होतं. (निम्म्या वेळा जीपनं, हे कुणी विचारलं नव्हतं.) "बाबा, इमिग्रेशनची रांग टळते," तो म्हणाला. यावर मी फार ताणून धरलं नाही. शिवाय सेवा फुकट. अमेरिकेत १९८६ साली झालेल्या कायद्याचा तिला आधार आहे, आणि कायद्याचा मान राखायलाच हवा.

नेवार्कच्या गेटपाशी खुर्च्यांची पंगतच बसली होती. गुजराती बा, तेलुगू दांपत्यं, एक पंजाबी सरदारजी, सगळे मांडीवर पिशव्या घेऊन. शेजारच्या खुर्चीतल्या नाशिकच्या काकूंनी ओळख काढली आणि विचारलं, "तुमचं काय? गुडघा की कंबर?"

बायको म्हणाली, "कसलं काय हो, मुलानं हौसेनं टाकलंय." मी मात्र दचकून "दोन्ही" म्हणालो. तेवढ्यावर थांबावं की नाही? "डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतायत," अशीही भर घातली. काकूंनी हळहळून कुठल्याशा तेलाचं नाव सांगितलं, तेही दोनदा.

विमानात काकू आणि त्यांचे यजमान नेमके आमच्याच ओळीत, आइलपलीकडे. म्हणजे पंधरा तासांच्या आसपासचा प्रवास ऑपरेशनला आलेल्या माणसाला शोभेल असाच करणं आलं. विमान कितीही उंच गेलं तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखतात. म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरपेक्षाही वर. महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या वर मी पट्टा बांधून बसलो होतो आणि पाय हलवायची सोय नव्हती! त्या उंचीवर मीठ आणि साखर जिभेला कमी लागते, म्हणून डाळ मिळमिळीत वाटते. मिठाची पुडी मागायला उठलो असतो, पण काकू जाग्या होत्या.

काकू स्वतः मात्र तासातासाला फेऱ्या मारत होत्या. पोटरीचे स्नायू हलले नाहीत तर रक्त पायात साचतं आणि पाऊल सुजतं, असं त्यांनीच मला जाता-येता बजावलं. "पण तुम्ही नका हो उठू."

अखेर त्या घोरू लागल्यावर मी हळूच मागं सटकलो. स्वच्छतागृहापाशी पाहतो तो अख्खी व्हीलचेअर मंडळी व्यायाम करतेय. सरदारजी उठाबशा काढत होते. काकूंचे यजमान हात गरागरा फिरवत होते, त्यांनी मला पाहिलं. मी तत्काळ भिंत धरली आणि लंगडलो. घाईत डावा की उजवा हे ठरवायचं राहून गेलं, म्हणून दोन्ही पायांनी लंगडलो. "अहो, हाक मारायची ना!" म्हणत त्या भल्या गृहस्थांनी मला दंडाला धरून दारापर्यंत नेलं आणि बाहेर थांबून राहिले. माणूस बाहेर थांबलाय म्हटल्यावर आत काही सुचत नाही. परत आणून त्यांनी मला जागेवर बसवलं, पट्टासुद्धा लावला. त्यानंतर मी पाणी पिणंच सोडलं.

तिकिटावरच्या आमच्या 'डब्ल्यूसीएचआर' या खुणेचा अर्थ मला पुढं घरी मुलाकडून कळला: प्रवासी जिना चढतो, विमानात हिंडतो, फक्त लांबवर चालणं जमत नाही. हिंडायची परवानगी छापील होती!

मुंबईत चाकं टेकली आणि बुटात पाय जाईना. पावलं टम्म फुगली होती. मी बूट हातात घेऊन, मोज्यांवर, एकेक खुर्ची धरत दाराशी पोचलो, तोवर काकू, यजमान आणि सरदारजी रिकाम्या व्हीलचेअरी ओलांडून झपाझप निघूनही गेले होते. बायकोही त्यांच्याबरोबर.

खुर्ची ढकलणाऱ्या पोरानं त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुम्हाला तरी खरंच पाहिजे का?"

"खरंच," मी कळवळून म्हणालो. त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही, पण त्यानं बसवलं.

बॅगांच्या पट्ट्यापाशी काकू भलीमोठी बॅग एका हातानं उचलून ट्रॉलीवर टाकत होत्या. खुर्चीतून उतरून मी विव्हळत दोन पावलं टाकली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आता पुरे. इमिग्रेशन झालं की!"